अण्णाजीची तोफ

मला राग लवकर येतो आणि उतरायला फार वेळ लागतो. आई म्हणते, बापावर गेली पोट्टी. बाबा म्हणतात, नाई, मायवरच गेली. एरवी माझं काही चांगलं झालं की श्रेय घ्यायला दोघं भांडतात, रागाचं मात्र कोणालाच नको असतं.

मी नागपुरात राहते. एका सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची पाच माणसांची कंपनी आहे. आम्ही मोबाईलवर खेळायची लढाईची गेम बनवतो, ‘चढाई’ नावाची. दोन टोळ्या, दोन गढ्या, समोरच्याच्या गढीवर आपलं निशाण लावलं की जिंकलं. माझ्याकडे हत्यारं. कोणतं किती लांब जाईल, किती वेळानं पुन्हा भरलं जाईल, हे मी ठरवते आणि मग एकाच हत्यारानं सगळे जिंकत सुटत नाहीत ना, हे बघत बसते. याला आम्ही तोल म्हणतो. तोल बिघडला की लोक दोन दिवसांत गेम फोनमधून काढून टाकतात. रोहण्यात, माझ्या गावात, हे कोणाला समजावून सांगायचं? आई शेजारणींना सांगते, ‘कंपुटरवर हाये.’ तेवढ्यात भागतं.

बाबा, म्हणजे अण्णाजी, रोहण्याला शेती करतात. कापूस, तूर, थोडा हरभरा. वर्ध्याच्या कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून मी या कामाला लागले तेव्हा ते एकच वाक्य बोलले होते. “खेळन्याले कोनी काम म्हनते का वं?” त्यानंतर भांडण नाही की तंटा नाही. पण फोनवरचं बोलणं आटत गेलं. मी विचारायचे, जेवले का? ते म्हणायचे, “बरं, बरं.” मी विचारायचे, तुरीला शेंगा किती धरल्या? ते म्हणायचे, “हो, हो. ठेवतो.”

मी तेही गिळलं असतं. पण आमची पहिली गेम साफ आपटली. कोणी खेळेना, रुचिका, जिची ही कंपनी, तीसुद्धा दुकान बंद करायच्या गोष्टी करायला लागली. एका दुपारी जिन्यात बसून मी बाबांना फोन लावला. आईला नाही, बाबांनाच. हार कबूल करायची तर ज्याच्यासमोर तोरा मिरवला त्याच्यासमोरच करावी. रडत रडत सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “बाबा, चुकलं माझं. परत येऊ का घरी?”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “बरं, बरं. ठेवतो.” आणि ठेवला.

त्या दिवसापासून मी त्यांच्या फोनवर फोन करणं सोडलं. आईच्या फोनवर करायचे. “बाबाले देऊ का?” असं तिनं विचारलं की म्हणायचे, राहू दे. दिवाळीला जायचे, दोन दिवस राहायचे. आमच्या दोघांत ताटावरचं ‘वाढू का’ आणि हात आडवा धरून ‘बस’, एवढाच व्यवहार उरला होता. हे तीन वर्षं चाललं. तेवढ्यात कंपनी कशीबशी तगली आणि ‘चढाई’चं काम सुरू झालं. मी हट्टी आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या ‘ठेवतो’ला माझ्याकडे माफी नव्हती.

मागच्या हिवाळ्यात रुचिका म्हणाली, “नवीन तोफ पाहिजे, सपना. गोळेवाली तो सबके पास है. कुछ अपना वाला ला ना.”

अपना वाला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली ती बाबांची नळी. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, शेतात घुसली की प्लॅस्टिकच्या जाड नळीचा बार काढतात. आत काय टाकतात ते सांगत नाही, पोरं वाचतात आणि मग डोळे फोडून घेतात. आत गॅस तयार होतो, मागून ठिणगी द्यायची, धडाम. गोळा नाही, छर्रा नाही, नुसता आवाज. जनावर मरत नाही, पळतं. लढाईच्या गेममध्ये कोणालाच न मारणारी, नुसती हाकलणारी तोफ! मला इतका आनंद झाला की राग बाजूला ठेवून मी रोहण्याला जायला आर्वीची एसटी पकडली.

बाबा त्या दिवशी इतके बोलले की मला नवल वाटलं. घरापासून शेतापर्यंत तोंडाची टकळी चालू. या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा बार कोणाचा नाही, अमक्याची नळी फुटली, तमक्याच्या बाराला तर चिमण्याही उडत नाहीत. मला वाटलं, चला, म्हातारा निवळला. मी मध्ये काही विचारलं तर उत्तर मात्र वेगळंच यायचं. मी विचारलं, “बाबा, ठिणगी नेमकी कधी द्यायची हे कसं कळतं?” ते म्हणाले, “एक बाजू मोकळी ठेवा लागते. चहूबाजूनं हाकललं तं जनावर आंगावर येते.” मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, “तू पाह्य फक्त.”

दिवस कलताना तुरीत रोही शिरली. बाबांनी नळी भरली, आडवी धरली, तळहात तिच्या पोटाखाली लावला, गाल जवळ नेला आणि डोळे मिटले. मी कानावर हेडफोन, हातात माईक. आत आधी बारीक सूं असा आवाज आला, तो चढत गेला, मग पातळ होत होत थांबला. क्षणभर काहीच नाही. आणि बाबांनी बरोबर तिथेच ठिणगी दिली. रोही तूर तुडवत पार नाल्यापलीकडे गेली.

शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तानबाकाका ओरडले, “अण्णाजी, अजून दम हाये गा!”

बाबांनी तिकडे बघितलंही नाही. मला वाटलं, भाव खाऊन राहिले.

नागपूरला परत येताना एसटीतच माझी तोफ तयार झाली होती. घाई केली तर गॅस कमी, फुस्स. उशीर केला तर गॅस निघून जातो, तेव्हाही फुस्स. ज्याला तो सूं थांबलेला कळेल त्याचाच बार निघेल. पडद्यावर काही दिसणार नाही, फक्त ऐकायचं. बाबांसारखं डोळे मिटून.

तोल साधता साधता संक्रांत उजाडली. पहिल्यांदा तोफ इतकी जबर झाली की आमच्या गजेंद्रनं, जो दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका काढायचा पगार घेतो, एकट्यानं अख्खी गढी रिकामी केली. रुचिका म्हणाली, नाकापेक्षा मोती जड झाला. मग मी बार कमी केला तर तोफेला कोणी हात लावेना. मग बाबांची ती मोकळी बाजू आठवली. बारानं समोरचे तीन बाजूंना ढकलले जातील, चौथीकडून त्यांना आत घुसता येईल, असं केलं. तेव्हा कुठे खेळात जीव आला. हाकलणाऱ्यालाही भीती राहिली.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. रुचिकाला पडद्यावर एक पट्टी हवी होती, गॅस भरत आला की हिरवी होणारी. “लोक बसमध्ये आवाज बंद करून खेळतात, सपना. त्यांनी काय करावं?”

“त्यांनी दुसरी तोफ घ्यावी,” मी म्हटलं. “ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यासाठी ही तोफ नाही.”

मी जिंकले. मी वाद पटवून जिंकत नाही, समोरच्याला दमवून जिंकते. तोफेचं नाव ठेवलं, ‘अण्णाजी’. आणि गेम लोकांकडे जायच्या आधी मी ती फोनमध्ये घालून संक्रांतीला रोहण्याला गेले. मला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की तोफ बरोबर आहे. बाकी काही नाही. खेळण्याला काम म्हणतात की नाही, ते त्यातच आलं असतं.

तानबाकाका तीळगूळ घ्यायला आले होते. मी सगळ्यांसमोर फोन बाबांच्या हातात दिला, आवाज पूर्ण वाढवला. नाव वाचून बाबांच्या मिशीखाली हसू आलं. त्यांनी बोट टेकवलं. फुस्स.

“घाई झाली,” मी म्हटलं. “ऐका, मग दाबा.”

फुस्स. पुन्हा फुस्स. फोनमधून सूं असा आवाज ओसरीभर ऐकू येत होता. तानबाकाकांनासुद्धा कळत होतं, ते मध्येच म्हणायचे, “आता! आता दाब ना गा!” आणि बाबा कधी आधी दाबायचे, कधी भलत्याच उशिरा. समोरच्या टोळीनं येऊन निशाण लावलं. तानबाकाका हसले. म्हणाले, “खऱ्या तोफेचा पाटील, खोट्या तोफेत गारद!”

बाबांनी फोन खाटेवर ठेवला. “तोफ बरोबर नाई,” म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बरोबर कशी नाही? तुमच्याच नळीचा आवाज आहे तो! तुम्ही ऐकतच नाही. आधीपासून नाही ऐकत. माझं कधी ऐकलं तुम्ही? एक तरी गोष्ट?”

बाबांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग समजूत काढल्यासारखं हसून म्हणाले, “हो, हो. आवाज चांगला हाये.”

तानबाकाकांनी तीळगुळाची वडी हातातच धरून ठेवली. बाबा उठले, नळी घेतली आणि शेताकडे निघाले. मी मागून हाक मारली, “बाबा!” ते चालत राहिले. मी पुन्हा मारली, सगळ्या ताकदीनं. समोरच्या घरातून बाई बाहेर आली, कुत्रं उठून उभं राहिलं. बाबा आपल्या चालीनं वळणावर गेले आणि दिसेनासे झाले.

मी आईकडे वळले. ती माझ्याकडे पाठ करून चुलीशी उभी होती.

“कधीपासून?”

“झाले चार वर्सं,” ती म्हणाली. “हळूहळू गेलं. आदी एक कान, मंग दुसरा. बाराचाच परिनाम, दुसरं काय. कानात कापसाचा बोया घालत जा म्हटलं तं हसे.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“त्याईनं शपथ घातली होती. म्हने, पोट्टीले कळलं तं हातचं काम सोडून येईन घरी. तिचं नवं काम हाये, बसू दे तिचं बस्तान.” मग ती माझ्याकडे वळली. “तुह्या फोनची वाट पाहेत ते, सपने. ऐतवारी फोन खिशात घेऊनच बसत. आयकू काई येत नाई, तरी कानाले लावून बसत. बराच टाइम झाला की म्हनत, बरं, ठेवतो. तू बंद केला तं मले इचारे, पोट्टी रागावली का?”

मी खाली बसले. जिन्यातली ती दुपार आठवत होती. मी विचारलं, “एकदा मी खूप वेळ बोलले होते. तेव्हा तू कुठे होतीस?”

“मी कापूस वेचाले गेलती. घरी आली तं म्हने, सपनाचा फोन आलता, लय बोलली. मीनं इचारलं, काय म्हने? म्हने, मजेत हाये.”

आई चूल फुंकायला वळली. मी रडले ते तिनं बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. आमच्या घरात ती रीत आहे.

मग मी शेतात गेले. बाबा धुऱ्यावर बसले होते. मला बघून ओशाळले. लहान मुलाची चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा मला बघवेना. मी काही बोलले नाही, बोलून तरी काय होणार होतं? नळीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती भरली आणि माझा हात ओढून तळहात नळीच्या पोटाला लावला. नळी कोमट झाली, मग आत बारीक मुंग्या आल्यासारखं काहीतरी थरथरू लागलं. थरथर चढली, मग विरत विरत थांबली. बाबांनी मान हलवली. आता. आणि धडाम.

माझा हात अजून नळीवरच होता. मला वाटलं होतं, ते डोळे मिटून ऐकतात. त्यांच्याकडे बघून मी अख्खी तोफ बनवली आणि तीच त्यांना चालवता येत नव्हती. ठिणगी कधी द्यायची हे विचारलं होतं मी, पण तोंड फिरवून, माईकची वायर सोडवत. तोंडासमोर येऊन एकदा विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण आम्ही दोघं तीन वर्षं एकमेकांकडे नीट बघतच नव्हतो.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. नस गेली म्हणाले. यंत्र लावा, थोडंफार येईल. आधी आणलं असतं तर पुष्कळ हाती लागलं असतं. हे ‘आधी आणलं असतं’ त्यांनी कपाळाला आठी न घालता सांगितलं, रोजच सांगत असतील. बाबांनी यंत्र आठवडाभर लावलं आणि काढून फडताळात ठेवलं. म्हणाले, “नुसता कालवा आयकू येते त्यात. बोलनं येत नाई.” नळी मात्र मी त्यांच्याकडून काढून घेतली. तानबाकाकांना सांगितलं, आमच्या शेतावरही तुम्हीच बार काढत जा. बाबा त्यावर दोन दिवस जेवले नाहीत.

नागपूरला जाऊन मी तोफ पुन्हा खोलली. सूं आवाज चढेल तसा फोन हातात थरथरेल, आवाज थांबला की थरथर थांबेल, असं केलं. गजेंद्रनं दोन डाव खेळून सांगितलं, तोल गेला, आता सगळ्यांचाच बार निघतो. आवाज आणि थरथर दोन्ही मिळून फारच सोपं होत होतं. मग ठरवलं, दोन्हीतलं एकच निवडायचं. कान घ्या नाहीतर हात घ्या. ते बरोबर बसलं. रुचिकानं विचारलं, “ज्याला ऐकायचं नाही त्यानं दुसरी तोफ घ्यावी, असं कोण म्हणालं होतं?” ती चेष्टा करत होती, तिला काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं. त्यावर संध्याकाळी तिनं मला जबरदस्तीनं सुट्टी देऊन टाकली.

मी पुन्हा रोहण्याला गेले तेव्हा तूर निघून गेली होती आणि ओसरीवर उन्हाची झळ येत होती. बाबांनी चष्मा लावला, फोन दोन्ही तळहातांत धरला आणि डोळे मिटले. थरथर चढली, थांबली, त्यांनी बोट टेकवलं. बार निघाला. समोरची टोळी तिन्ही बाजूंना उडाली. त्यांनी पुन्हा भरली. पुन्हा बार. निशाण लागेपर्यंत एकदाही फुस्स झालं नाही.

“आता बरोबर हाये,” बाबा म्हणाले. मग फोन उलटासुलटा करून बघितला. “हे तुहं काम हाये ना? चांगलं काम हाये.”

या एका वाक्यासाठी मी किती राग धरून बसले होते. ते मिळालं आणि मला पाहिजे तसा आनंद काही झाला नाही. ते तीन वर्षांपूर्वीही हेच म्हणाले असते. मी म्हणू दिलं नव्हतं.

आता आमचं बोलणं फोनवर लिहून चालतं. मी मोठ्या अक्षरात लिहिते, ते वाचून तोंडानं उत्तर देतात. तूर कितीला गेली, आईचे गुडघे कसे आहेत, तानबाचा बार कसा भिकार आहे. त्या संध्याकाळी असंच चाललं होतं. मध्येच बाबा थांबले.

“तू एक डाव फोनवर लय बोलली होती, सपने. लय टाइम. फोन तापला होता माह्या हातात.” त्यांनी कानाला फोन धरतात तसा हात नेला. “काय म्हनत होती तवा?”

मी फोन घेतला. लिहिलं, ‘मी रडत होते बाबा. परत घरी येऊ का, विचारत होते.’ ते वाक्य मी बघत बसले. हे वाचून ते काय करतील ते मला कळत होतं. उरलेलं आयुष्य ते त्या एका दुपारी कानाशी फोन धरून बसले असते. मी ते पुसलं. दुसरं लिहिलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

‘काही नाही. मजेत आहे म्हणत होते.’

बाबांनी ते सावकाश वाचलं, ओठ हलवत. मग चष्मा काढला आणि समाधानानं मान डोलावली.

“मीनं तुह्या मायले तेच सांगतलं होतं,” म्हणाले.